‘करण्यात आले’, पण कोणी केले? कामावरच्या अहवालांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी प्रश्न मागवले होते ते कामावरच्या लिखाणाविषयी. पत्रे चाकणच्या कारखान्यातून आली, हिंजवडीतून आली, शिवाजीनगरच्या सरकारी कार्यालयातून आणि बांधकामाच्या साइटवरूनही आली. धंदे वेगळे असले तरी दुखणे बरेचसे सारखे आहे. अहवाल लिहिणारा घटनेच्या जवळ उभा असतो, वाचणारा नसतो, आणि वाचणाऱ्याला त्या कागदावरून काहीतरी ठरवायचे असते. लिहिताना नेमके हेच नजरेआड होते. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहोत.

प्रश्न : मी चाकणच्या एका कारखान्यात तिसऱ्या शिफ्टचा सुपरवायझर आहे. शिफ्ट संपताना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन ओळी टाकतो. तरी घरी पोहोचेपर्यंत पहिल्या शिफ्टवाल्यांचे फोन सुरू होतात. एवढ्याशा निरोपालाही अहवालासारखे लिहायचे का?

उत्तर : लिहायचे, मात्र लांबण लावायची नाही. फोन येतात, कारण ज्याला पुढचे काम करायचे आहे त्याला तुमच्या दोन ओळींतून काय करायचे ते कळलेले नसते. असे निरोप साधारण या धर्तीचे असतात : ‘मशीन नं. ४ ला प्रॉब्लेम होता. मेंटेनन्सला कळवण्यात आले. बाकी ओके.’ मशीन आत्ता चालू आहे की बंद, एवढेही यातून कळत नाही. मग फोन येणारच.

तोच निरोप असा लिहून पाहा (सीएनसी म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणारे मशीन, बोअर म्हणजे नगातले भोक) :

‘सीएनसी ४ आत्ता चालू आहे. पहाटे ३:१० ला स्पिंडल स्पीडचा अलार्म येऊन बंद पडले होते. मेंटेनन्सवाले ३:२५ ला आले. बेल्ट ढिला निघाला, ताणला, ४:०५ ला मशीन सुरू. बंद वेळ ५५ मिनिटे. दुरुस्तीनंतरचा पहिला नग मोजला, ठीक आहे. त्याआधीची शेवटची मोजणी १:५० ला, तीही ठीक. १:५० ते ३:१० मधले १२ नग लाल क्रेटमध्ये ठेवलेत, त्यांचा बोअर मोजायचा राहिला आहे. पहिल्या शिफ्टने ते मोजल्याशिवाय पुढे सोडू नयेत. बेल्ट जुना आहे. नव्याची मागणी अजून टाकलेली नाही.’

पहिल्याच वाक्यात आत्ताची स्थिती आली. मधे घडलेले आले, वेळेसह. शेवटी काय राहिले आणि ते कोणी करायचे, हे आले. औपचारिक असो वा अनौपचारिक, हा क्रम बहुतेक ठिकाणी उपयोगी पडतो.

त्यातल्या १२ नगांकडे विशेष लक्ष द्या. अलार्म वाजला त्याच क्षणी बिघाड सुरू झाला, असे क्वचितच असते. म्हणून शेवटच्या चांगल्या मोजणीनंतरचा प्रत्येक नग संशयित धरायचा आणि तो आकडा निरोपात द्यायचा. हे राहून गेले की महिन्याभराने ग्राहकाकडून तक्रार येते आणि त्या रात्री काय झाले होते ते कोणालाच आठवत नाही.

तिसऱ्या शिफ्टचा आणखी एक घोळ तारखेचा. शिफ्ट १२ तारखेला रात्री ११ ला सुरू होते, बिघाड १३ तारखेला पहाटे होतो. उत्पादनाच्या नोंदीत १२, मेंटेनन्सच्या नोंदीत १३, आणि महिन्याअखेर दोन्हींचा मेळ बसत नाही. ‘१२ तारखेची तिसरी शिफ्ट, १३ ला पहाटे ३:१०’ असे दोन्ही लिहावे. भोसरी-पिंपरी भागात अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारची असते आणि मुख्यालयाला रविवारची. आठवड्याच्या अहवालात ‘या आठवड्यात’ म्हणजे कुठल्या वारापासून कुठल्या वारापर्यंत, ते म्हणूनच लिहावे लागते.

ग्रुपवर टाकलेला निरोप चहाच्या फोटोंखाली दबून जातो. तीच नोंद लॉगबुकातही करा. वाद झाला तर लॉगबुक बघितले जाते.

प्रश्न : आमचे भोसरीत छोटे वर्कशॉप आहे. ग्राहक कंपनी एखादा लॉट नापास झाला की ‘एट-डी’ अहवाल मागते. आम्ही भरून पाठवतो आणि तो परत येतो. ‘मूळ कारण मान्य नाही’ एवढाच शेरा असतो. कुठे चुकते?

उत्तर : बहुधा चौथ्या पायरीवर चुकत असेल. एट-डी म्हणजे समस्या सोडवण्याच्या आठ पायऱ्या. फोर्ड कंपनीने १९८७ मध्ये ही पद्धत पुस्तिकेच्या रूपात मांडली आणि वाहन उद्योगात ती रुळली. पायऱ्या अशा : टीम, समस्येचे वर्णन, तातडीचा बंदोबस्त, मूळ कारण, उपाय निवडणे, उपाय अमलात आणणे, पुन्हा घडू नये याची सोय, आणि शेवटी टीमच्या कामाची दखल. फॉर्म सगळ्यांकडे असतो. तो भरताना जिथे घसरायला होते तेवढ्यावरच बोलू.

दुसऱ्या पायरीत ‘नग खराब निघाले’ असे लिहू नका. कोणता भाग, कोणता लॉट, दोष काय, किती, कुठे सापडला, कोणी पकडला हे द्या. ‘४,००० नगांच्या लॉटमध्ये १२ नगांना ८ मिमीचे भोक नाही, ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर सापडले.’ हे प्रमाण दहा लाखांमागे ३,००० बसते, म्हणजे ३,००० पीपीएम. ग्राहक याच एककात बोलतो, तेव्हा तो आकडाही द्या.

तिसरी पायरी बहुतेक ग्राहकांना २४ तासांत हवी असते. नेमकी मुदत त्यांच्या पुरवठादार नियमावलीत पाहा. ‘सर्व स्टॉक तपासला’ हे वाक्य इथे चालत नाही. माल चार ठिकाणी असतो : ग्राहकाकडे, वाटेवर गाडीत, तुमच्या तयार मालाच्या स्टोअरमध्ये आणि शॉपवर अर्धवट अवस्थेत. चारही ठिकाणी किती होता, किती तपासला, किती खराब निघाला, याचा छोटा तक्ता द्या. एखाद्या ठिकाणी शून्य निघाले तरी शून्य लिहा. रकाना रिकामा दिसला की तिथे तपासलेच नाही असे समजले जाते.

आता चौथी पायरी. परत आलेले अहवाल काढून पाहिलेत तर मूळ कारणाच्या रकान्यात ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ आणि उपायाच्या रकान्यात ‘ऑपरेटरला पुन्हा प्रशिक्षण दिले’ असे सापडण्याची शक्यता मोठी आहे. हे कारण नव्हे. माणूस चुकतो हे सगळ्यांना आधीच ठाऊक आहे. त्याची चूक होऊ शकली कशी आणि झाल्यावर ती पकडली का गेली नाही, हे दोन प्रश्न आहेत, आणि दोघांची उत्तरे वेगवेगळी शोधावी लागतात. बरेच जण पहिल्यावरच थांबतात.

वरच्या उदाहरणात घडण्याची बाजू अशी उतरत जाते. नगाला भोक नव्हते, कारण ड्रिलिंग झालेच नाही. ड्रिलिंग झाले नाही, कारण न झालेले नग झालेल्यांत मिसळले. मिसळले, कारण जेवणाच्या सुट्टीत दोन्ही एकाच टेबलावर, एकाच रंगाच्या ट्रेमध्ये राहिले. तसे राहिले, कारण ट्रेचा रंग आणि जागा कुठेच ठरवलेली नाही. सुटण्याची बाजू निराळी. अंतिम तपासणीत हे नग पकडले गेले नाहीत, कारण तिथे भोकाचा व्यास नमुन्यापुरता मोजतात. प्रत्येक नगाला भोक आहे की नाही हे बघण्याची पायरीच नाही. ‘का’ पाच वेळा विचारायचे ही पद्धत टोयोटाकडून आली, पण पाच हा आकडा पाळायलाच हवा असे नाही. तुमच्या हातात असलेल्या, बदलता येण्याजोग्या गोष्टीपाशी पोहोचलात की थांबा.

मग उपायही आपोआप ठोस होतो. पुढच्या ऑपरेशनच्या फिक्स्चरवर (नग धरून ठेवणाऱ्या साधनावर) ८ मिमीच्या भोकात जाणारी पिन बसवा, म्हणजे भोक नसलेला नग तिथे बसणारच नाही. आणि तो उपाय चालतो हे दाखवा : मुद्दाम भोक न पाडलेले ५ नग लावून पाहिले, पाचही बसले नाहीत, सोबत फोटो. ज्या अहवालात ही चाचणी असते तो सहसा परत येत नाही. सातव्या पायरीत कंट्रोल प्लॅन (कुठे काय तपासायचे याचा आराखडा) आणि एफएमईए (काय बिघडू शकते याचा आधीच केलेला तक्ता) यांची सुधारित आवृत्ती आणि तारीख द्या, आणि अशाच भोकाचे तुमच्याकडचे दुसरे कोणते भाग तपासले तेही लिहा.

प्रश्न : मी एका सरकारी कार्यालयात आहे. वरिष्ठ म्हणतात टिप्पणी ‘ऑफिशियल’ वाटली पाहिजे. म्हणून ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘निदर्शनास आले’ असेच लिहितो. लोकांना मात्र ते समजत नाही. साधे मराठी लिहिले तर चालेल का?

उत्तर : चालेल, आणि तसेच लिहावे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. त्याने राज्याचा कारभार मराठीत आणला तो मराठी माणसाला कळावा म्हणून. एक नेहमीचा परिच्छेद घ्या :

‘सदर प्रकरणी स्थळपाहणी करण्यात आली असून उपरोक्त ठिकाणी गळती होत असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी योग्य ती कार्यवाही होणेस विनंती आहे.’

कोणी पाहिले, केव्हा, कुठे, किती मोठी गळती, आणि साहेबांनी नेमके काय करायचे? एकही उत्तर यात नाही. आता हे वाचा :

‘कनिष्ठ अभियंता (पाणीपुरवठा) यांनी ६ जून रोजी सकाळी ११ वाजता पाहणी केली. चौकाच्या पूर्व बाजूस १५० मिमी व्यासाच्या जलवाहिनीच्या सांध्यातून पाणी गळत होते. शेजारच्या दुकानदाराच्या सांगण्यानुसार गळती आठ दिवसांपासून आहे. कार्यालयात त्याआधीची तक्रार नोंदलेली नाही. सांधा बदलण्यास एक दिवस लागेल व तेवढा वेळ दोन गल्ल्यांचा पुरवठा बंद ठेवावा लागेल. तो बंद ठेवण्यास मान्यता मिळावी.’

पाहिलेले, ऐकलेले, कागदोपत्री असलेले आणि मागणे, असे चार धागे यात सुटे दिसतात. ‘गळती आठ दिवसांपासून आहे’ असे सरळ लिहिले असते तर दुकानदाराचे बोलणे कार्यालयाचे म्हणणे होऊन बसले असते. ‘यांच्या सांगण्यानुसार’ या दोन शब्दांनी तुमचीही बाजू राखली जाते.

‘करण्यात आले’ हा प्रयोग वाईटच, असे मात्र नाही. ‘रस्ता वाहतुकीसाठी खुला करण्यात आला’ यात खुला कोणी केला याने काही अडत नाही. पण ज्या कामाची जबाबदारी पुढे विचारली जाईल, तिथे कर्ता लिहावा. टिप्पणीत ‘मी’ लिहायला संकोच वाटत असेल तर पदनाम लिहा. ‘उपरोक्त’ टाळाच, वर चार गोष्टी असताना त्यातली कोणती, हे वाचणाऱ्याने का शोधायचे? ‘योग्य ती कार्यवाही’ हा शब्दप्रयोग तर निर्णय वरच्यावर ढकलतो. योग्य काय, ते तुमचे मत म्हणून मांडा, साहेबांना पटले नाही तर ते बदलतील.

संदर्भाला पत्राचा क्रमांक आणि दिनांक दोन्ही द्या आणि तो कागद नस्तीत पताका लावून ठेवा. माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली नागरिक टिप्पण्याही मागू शकतात, कायद्यातले अपवाद सोडून. त्या कोणा अनोळखी माणसासमोर गेल्या तरी स्वतःच्या बळावर उभ्या राहतील अशा असाव्यात.

प्रश्न : हिंजवडीत आयटी कंपनीत आहे. सिस्टिम बंद पडली की अमेरिकेतल्या क्लायंटला अहवाल द्यावा लागतो. तो वाचून त्यांचे पुन्हा दहा प्रश्न येतात.

उत्तर : पहिल्या तीन ओळींत एवढेच सांगा : काय बंद होते, किती वेळ, किती वापरकर्त्यांना त्रास झाला, आत्ता सगळे सुरळीत आहे का. तांत्रिक कारण त्यानंतर.

दहातले निम्मे प्रश्न वेळेवरून येत असतील. घटनाक्रम यूटीसीमध्ये (जगाच्या सामायिक प्रमाणवेळेत) लिहा आणि शेजारच्या रकान्यात भारतीय वेळ द्या. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेनऊ, आणि हा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी होतो. तोंडी हिशेब केला की त्या आठवड्यात हमखास चुकतो. तारीख ०२/०३ अशी लिहिलीत तर आपल्यासाठी तो २ मार्च, त्यांच्यासाठी ३ फेब्रुवारी. महिन्याचे नाव अक्षरात लिहा. लाख-कोटीही नकोत. १० लाख म्हणजे एक मिलियन, १ कोटी म्हणजे दहा मिलियन.

घटनाक्रमात बिघाड सुरू झाल्याची वेळ आणि तो तुम्हाला कळल्याची वेळ वेगळी दाखवा. या दोहोंत ४० मिनिटे गेली असतील तर देखरेखीचा अलर्ट उशिरा वाजला किंवा वाजलाच नाही, हा अहवालातला स्वतंत्र मुद्दा आहे. तो तुम्ही मांडला नाहीत तर क्लायंट मांडेल.

प्रश्न : हडपसरच्या एका युनिटमध्ये सेफ्टीचे काम माझ्याकडे आहे. अपघात झाल्यावर पहिल्या तासात वरून अहवाल मागतात, तेव्हा पूर्ण माहिती नसते. काय लिहावे?

उत्तर : माहिती नसताना पूर्ण अहवाल लिहूच नका. पहिल्या तासाचा कागद ‘प्राथमिक सूचना’ असतो, त्याच्या डोक्यावर तसेच लिहा. जखमीचे नाव व विभाग, वेळ, नेमकी जागा, जखम शरीराच्या कुठल्या भागाला, त्यांना कुठे नेले, सोबत कोण गेले, आणि ती जागा आता सुरक्षित आहे का, एवढे पुरे. कारणाच्या रकान्यात ‘चौकशी सुरू’ असे लिहा. ‘हात घातला म्हणून’ असे घाईत लिहून गेले तर ते नंतर पुसता येत नाही. जखमी माणसाचा त्यावर आयुष्यभराचा हक्क अवलंबून असू शकतो. कितीही दबाव असला तरी इथे थांबलेच पाहिजे.

मशीन पुन्हा सुरू होण्याआधी फोटो काढा : आधी लांबून, मग जवळून, गार्ड कुठल्या स्थितीत होता तो, इमर्जन्सी बटण, जमिनीवर तेल-पाणी होते का ते, उजेड. साक्षीदारांना एकेकट्याला भेटा आणि त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच भाषेत लिहून घ्या. ‘गार्ड दोन दिवस काढूनच ठेवला होता’ असे कामगार म्हणाला तर त्याचे ‘गार्डसंबंधी त्रुटी आढळली’ असे करू नका. सगळ्यांचे जबाब शब्दशः सारखे निघाले तर कोणीतरी सांगून लिहवून घेतले आहेत, हे कोणालाही कळते.

कायद्याने द्यायची सूचना या अंतर्गत अहवालाहून वेगळी. दुखापतीमुळे कामगार ४८ तास किंवा त्याहून अधिक काळ कामावर येऊ शकला नाही, तर कारखान्याने अधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. मृत्यू झाल्यास अर्थातच. विमाधारक कामगारासाठी ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विमा महामंडळाची) सूचना निराळी. अंतर्गत चौकशी पूर्ण व्हायची वाट बघत या सूचना अडवून ठेवू नका.

प्रश्न : कोथरूडमधल्या एका शैक्षणिक संस्थेसाठी मी वर्षाचा प्रकल्प अहवाल लिहिते. चाळीस पाने होतात. विश्वस्त मंडळ फक्त पहिले पान वाचते आणि चर्चा भरकटते.

उत्तर : विश्वस्त पहिलेच पान वाचणार असतील तर सगळा अहवाल त्या पानावर असला पाहिजे. अनेकांचा सारांश ही प्रस्तावनाच असते : संस्थेची स्थापना, प्रकल्पाचे महत्त्व, आभार. सारांशात प्रकल्पाला काय साधायचे होते, काय केले, काय आढळले आणि मंडळाकडून आता कोणता निर्णय हवा, हे असावे. निर्णय हवा हे लिहिले नाही की चर्चा मुखपृष्ठाच्या फोटोवर होते.

लिहिण्याचा क्रम छापण्याच्या क्रमासारखा ठेवू नका. आधी तक्ते पक्के करा. मग निरीक्षणे, मग निष्कर्ष, मग शिफारशी, मग प्रस्तावना, आणि सगळ्यात शेवटी सारांश. सारांश आधी लिहिला की पुढची पाने त्याला जुळवून घेतली जातात. प्रश्नावल्या, गाववार याद्या, पावत्या परिशिष्टात; मुख्य मजकूर पंधरा पानांत बसायला हरकत नाही.

निरीक्षण, निष्कर्ष आणि शिफारस यांची सरमिसळ फार होते. ‘४२ पैकी ११ शाळांत सोमवारी उपस्थिती सर्वांत कमी’ हे निरीक्षण. ‘त्या शाळा आठवडी बाजाराच्या गावांत आहेत व बाजार सोमवारी भरतो, त्यामुळे मुले घरकामात अडकत असावीत’ हा निष्कर्ष. त्यातले ‘असावीत’ महत्त्वाचे, कारण ते तुम्ही मोजलेले नाही. ‘या ११ शाळांत वाचनवर्ग सोमवारऐवजी मंगळवारी घ्यावा, जबाबदारी तालुका समन्वयकांची, १५ जूनपासून, वेगळा खर्च नाही’ ही शिफारस. कोण, काय, केव्हापासून, किती खर्चात, हे चारही नसेल तर ती नुसती इच्छा राहते.

टक्केवारी जपून वापरा. उपस्थिती ६२ टक्क्यांवरून ७१ वर गेली तर ती ९ टक्क्यांनी वाढली असे म्हणू नये. ती ९ टक्केबिंदूंनी वाढली. टक्क्यांत ती वाढ सुमारे साडेचौदा होते. आणि शेकड्यामागे कितीही सुंदर आकडा असला तरी मूळ संख्या सोबत द्या. ८ मुलांतले ६ म्हणजेही ७५ टक्केच.

गेल्या वर्षीच्याच फाइलमध्ये आकडे बदलून नवा अहवाल करत असाल तर ते आजच थांबवा. कुठेतरी जुने वर्ष, जुना गाव राहून जातो आणि तेवढ्यावरून सगळ्या अहवालावरचा विश्वास उडतो. मथळे तेवढे ठेवून रिकामा साचा करून घ्या.

प्रश्न : आमचा मराठी अहवाल मुंबई कार्यालयात उघडला की अक्षरांचा कचरा दिसतो.

उत्तर : तुम्ही श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करत असाल. तो फॉन्ट त्यांच्या संगणकावर नसला की असेच होते. युनिकोडमध्ये टाइप करा, जुन्या फाइल कन्व्हर्टरमधून बदलून घ्या, आणि नंतर जोडाक्षरे व रफार एकदा डोळ्यांनी तपासा, तिथेच मोडतोड होते. एक्सेलमध्ये आकडे मराठी अंकांत टाइप केले असतील तर बेरीज पडताळा. ते मजकूर म्हणून धरले गेले की बेरजेत येतच नाहीत.

प्रश्न : वाघोलीजवळच्या साइटवर इंजिनिअर आहे. ४८ घनमीटर एम-२५ काँक्रीटचा (२८ दिवसांनी २५ न्यूटन प्रति चौरस मिमी ताकदीचा) स्लॅब झाला. एका नमुन्याचे ७ दिवसांचे क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) त्याच एककात १७.२, १६.४ आणि १२.१ आले. वरिष्ठ म्हणतात, ‘१२.१ चे १६.१ कर, उगाच प्रश्न नकोत.’ काय करू?

उत्तर : आकडा बदलू नका. निष्कर्षावर वरिष्ठांशी वाद होऊ शकतो, त्यांचा अनुभव जास्त असू शकतो. मोजमाप मात्र कोणाच्याही सांगण्यावरून बदलत नाही. त्या स्लॅबखाली उद्या माणसे राहणार आहेत.

शिवाय इथे प्रामाणिक वाट आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकातच दिलेली आहे. तीन ठोकळ्यांची सरासरी १५.२ येते. एकेका ठोकळ्याचा निकाल सरासरीपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त हलला तर तो नमुनाच अग्राह्य धरतात. १२.१ हा २० टक्क्यांहून अधिक खाली आहे. म्हणजे हा नमुना चांगला किंवा वाईट यातले काहीच सिद्ध करत नाही. अहवालात तिन्ही आकडे जसेच्या तसे द्या, फरक दाखवा, ‘नमुना अग्राह्य’ लिहा आणि संभाव्य कारणे ‘संभाव्य’ म्हणूनच नोंदवा : ठोकळा नीट कुटला गेला नसेल, साचा सैल असेल, क्युरिंगच्या टाकीत उशिरा गेला असेल, यंत्रात तिरका बसला असेल.

मग बाकीचे नमुने पुढे करा. ३१ ते ५० घनमीटरला ४ नमुने घ्यायचे असतात, प्रत्येकी ३ ठोकळे. २८ दिवसांचे हे १२ ठोकळे असतील, आणि स्वीकाराचा निर्णय त्यांच्यावर होतो. ७ दिवसांचा निकाल फक्त चाहूल देतो. त्या दिवशीच्या साइट अहवालात प्रत्येक आरएमसी (तयार काँक्रीटच्या) गाडीचा चलन क्रमांक, प्लांटवरून निघाल्याची आणि ओतून संपल्याची वेळ, स्लंप (ओले काँक्रीट किती खचते ते माप), आणि कुठल्या गाडीचे काँक्रीट स्लॅबच्या कुठल्या भागात गेले हे लिहिले असेल, तर संशय पूर्ण स्लॅबवर न जाता एका पट्ट्यापुरता राहील. आठ गाड्यांचे हे टिपण दोन पानांचे होते. वरिष्ठांना ते दाखवा. प्रश्न आले तर उत्तरे त्यातच आहेत.

नोंदवहीत खरोखर लिहिताना चूक झाली असेल, तर जुना आकडा वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारा, शेजारी बरोबर आकडा, आद्याक्षरे, तारीख आणि कारण लिहा. व्हाइटनर वापरू नका. आणि ‘बदल’ अशी तोंडी सूचना पुन्हा आली तर त्याच दिवशी एक साधा ई-मेल करा : ‘क्यूबचे आकडे मूळ नोंदीप्रमाणे पाठवत आहे. त्यात बदल हवा असल्यास कारणासह लेखी कळवावे.’